नारिंगी ठिपक्याच्या गोगलगाई

डेरिक सग्डनने लेट्यूसच्या पानाखालून एक जाडजूड गोगलगाय उचलली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पाठ खाजवण्याचा बहाणा करत ती कुंपणावरून डावीकडे, मिसेस टॉर्डॉफच्या भाजीच्या प्लॉटवर भिरकावली. मग शीळ घालत तो पुढच्या पानाकडे वळला.

डेरिक वाईट माणूस नव्हता. उलट जरा जास्तच हळवा होता. यॉर्कशरच्या आमच्या गावात त्याने जन्मभर बस चालवली, ती रस्त्यात आलेल्या बदकांना वाट देत देत. गोगलगाय चिरडणं त्याच्याच्याने व्हायचं नाही. विषाच्या गोळ्या टाकायला प्लॉटवाल्यांच्या समितीची बंदी, कारण त्याने पक्षी मरतात. राहता राहिला एकच सभ्य मार्ग, तो म्हणजे शेजारी.

नगरपालिकेच्या जागेतला भाजी लावायचा तुकडा आमच्याकडे सहजासहजी मिळत नाही. अर्ज बाप करतो आणि पहिला मुळा मुलगा उपटतो. डेरिकचा नंबर निवृत्त झाल्या झाल्या लागला, पण एका वर्षाच्या बोलीवर. जूनमधल्या एका रविवारी सगळे प्लॉटवाले स्ट्रॉबेरी आणि क्रीम खायला जमतात. त्याच दिवशी डेरिकला ठेवायचं की काढायचं हे समितीच्या अध्यक्षा मिसेस टॉर्डॉफ ठरवणार होत्या. समितीत आणखीही माणसं होती, पण ती माना डोलवण्यापुरती. डेरिकची बायको मॉरीन हिने तर आधीच बजावून ठेवलं होतं, "प्लॉट गेला तरी चालेल, पण मग दिवसभर स्वयंपाकघरात उभं राहून कांदा कसा चिरायचा ते मला शिकवायचं नाही."

त्या रविवारला पंधरवडा उरला असताना मिसेस टॉर्डॉफ हातात स्ट्रॉबेरीची परडी घेऊन त्याच्या फाटकाशी आल्या. एकूण एक स्ट्रॉबेरीला भोक पडलेलं होतं.

"मिस्टर सग्डन, कुणीतरी माझ्या प्लॉटवर गोगलगाई टाकतंय."

"असं कोण करील?" डेरिकने विचारलं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"ते तुम्ही शोधायचं. तुमचे गुडघे अजून वाकतात. शिवाय तुम्ही नवीन. नवीन माणसाला लबाडी सुचायला वेळ लागतो."

त्यांची योजना पक्की होती. प्रत्येक प्लॉटवरच्या गोगलगाईंच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. मग त्यांच्या स्ट्रॉबेरीत ज्या रंगाची गोगलगाय सापडेल, त्या प्लॉटवाल्याला समितीपुढे उभं करायचं. म्हणजे डेरिकने डेरिकला पकडायचं, असं ते काम होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

भाच्या दर नाताळला नेलपॉलिश देतात आणि मॉरीन ते कधी लावत नाही, त्यामुळे रंगांना तोटा नव्हता. डेरिक स्वतःचा प्लॉट हळूच वगळणार होता. पण मिसेस टॉर्डॉफ खुर्ची घेऊन त्याच्या वाफ्याशीच बसल्या. "सुरुवात घरापासून करा, म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही," म्हणाल्या. त्याच्या गोगलगाईंना नारिंगी ठिपका बसला. मागच्या प्लॉटवर मिस्टर बेकफोर्ड होते, जमैकाहून तरुणपणी आलेले. त्यांच्या भोपळ्याच्या वेलांत डेरिक नेलपॉलिशची बाटली घेऊन रांगताना दिसला, तेव्हा ते छपरीखाली चहा पीत होते. इथल्या लोकांना कारण विचारायचं नाही हे ते पहिल्याच वर्षी शिकले होते. तरी त्यांनी डेरिकला, चहा घेणार का, एवढं विचारलं. त्यांच्या गोगलगाई निळ्या झाल्या. असं करत करत डेरिकने सगळी जागा रंगवून काढली. ड्रायव्हर म्हणून त्याने कधी एक स्टॉप गाळला नव्हता, आणि तीच खोड इथे नडली. मिसेस टॉर्डॉफ जेवायला घरी गेल्या, तेव्हा त्याने त्यांच्या प्लॉटवरच्या गोगलगाईंनाही जांभळा ठिपका देऊन टाकला.

आता त्याला डावीकडे फेकायची चोरी. पण लेट्यूस तर रोज कुरतडलं जात होतं. मग तो पाठ खाजवता खाजवता मागे, बेकफोर्डकडे फेकू लागला. बेकफोर्ड भला माणूस आहे, चार गोगलगाईंनी त्याचं काय बिघडणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी रात्री झोप लागेना. चालत्या बसमधून आपल्याला कुणी उतरवतंय अशी स्वप्नं पडू लागली.

रविवारी ऊन छान पडलं होतं. टेबलं मांडली, किटली वाफाळली, बाजारातून विकत आणलेली स्ट्रॉबेरी वाटून झाली. मग मिसेस टॉर्डॉफ उठल्या आणि त्यांनी आपल्या प्लॉटवर गोळा केलेल्या गोगलगाईंची बादली टेबलावर ठेवली. सगळे वाकून पाहू लागले. आत निळ्या होत्या, पिवळ्या होत्या, हिरव्या होत्या. आणि मधोमध ऐटीत एक नारिंगी चढत होती.

डेरिकने तर पंधरा दिवसांत तिकडे एकही टाकली नव्हती. त्याने बेकफोर्डकडे पाहिलं. बेकफोर्ड आपल्या कपात फार लक्षपूर्वक पाहत होते. खरं तर सगळेच आपापल्या कपात पाहत होते.

"म्हणजे एकजात सगळे," मिसेस टॉर्डॉफ म्हणाल्या. "लाज वाटायला हवी."

तेव्हा बेकफोर्डनी पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून शांतपणे बादलीशेजारी ठेवला. "ह्या माझ्या भोपळ्यात सापडल्या," ते म्हणाले. "रंग सुरेख आहे. कुणाच्या ते मात्र कळत नाही."

डबा जांभळ्या गोगलगाईंनी भरला होता. सगळ्यांनी डेरिककडे पाहिलं, कारण रंगारी तोच.

"तुमच्याच, मिसेस टॉर्डॉफ," डेरिक म्हणाला. "तुम्ही सांगितलं नव्हतं. पण म्हटलं, एकच प्लॉट कशाला वगळायचा."

प्लॉट गेला, असं डेरिकने धरूनच टाकलं. उद्यापासून कांदे.

मिसेस टॉर्डॉफनी डबा बादलीत उलटा केला. "मिस्टर सग्डन, तुमच्याकडे बसचा फुकट पास आहे ना?"

"आहे."

"मग प्लॉट तुमचा. दर शुक्रवारी ही बादली शेवटच्या स्टॉपपर्यंत न्यायची आणि तिथल्या कुरणात रिकामी करायची. आणि इथून पुढे कुणी पाठ खाजवताना मला दिसता कामा नये."

शुक्रवारी डेरिक ओल्या फडक्याने झाकलेली बादली मांडीवर घेऊन बसमध्ये बसला. त्याला फार बरं वाटत होतं. जागा कायमची झाली होती, मॉरीन खूश होती, आणि एकाही जिवाला इजा झाली नव्हती. खिडकीतून तो आपल्या जुन्या रस्त्याकडे मायेने पाहत राहिला.

शेवटचा स्टॉप थॉर्पली. तिथल्या लोकांचेही भाजीचे प्लॉट आहेत, स्टॉपच्या मागेच. बस थांबली. डेरिक बादली सांभाळत उतरू लागला, तर आमच्या गावाकडे यायला एक म्हातारे गृहस्थ दारात उभे होते. टोपी नीटनेटकी, बूट मातीचे, आणि हातात ओल्या फडक्याने झाकलेली बादली.

दोघांनी एकमेकांच्या बादलीकडे पाहिलं.

"हवा छान आहे आज," डेरिक म्हणाला.

"टिकली पाहिजे," म्हातारे म्हणाले, आणि त्याला उतरायला जागा देऊन बसमध्ये चढले.