सदतीस अंशांवरचे काशिनाथकाका

काशिनाथकाकांच्या दहाव्याला देवबागच्या किनाऱ्यावर एकोणीस कावळे जमले. त्यांच्या पुतणीने, सुनीतीने, ते दोनदा मोजले होते. पिंडाला मात्र एकही शिवत नव्हता आणि भरतीचं पाणी पिंडापासून चार हातांवर आलं होतं.

"काशिनाथा, तुजी होडी मी इकूचंय नाय!" धाकटा भाऊ महादू ओरडला. कावळे हलले नाहीत.

"माडाचो वाद सोडलंय रे!" शेजारच्या धोंडूने हात जोडले. तरीही नाही. सगळे कावळे एकाच दिशेला माना करून बसले होते. त्या दिशेला सुनीती उभी होती.

काकांची बायको सरला हळूच म्हणाली, "सुनीती, चवथीक इलंस तेवा तू ह्यांच्या मानेवरचे बारा केस उपटून पुण्याक न्हेलंस. तेंचा काय केलंस गो?"

"केसांच्या मुळातल्या पेशी वाढवतंय, काकी. प्रयोगशाळेत, काचेच्या थाळीत."

"म्हणजे त्यो मेल्यो?"

"नाय. वाढतत."

भटजींनी पळी खाली ठेवली.

"थंडी वाजणा नाय मां तेंका?"

"सदतीस अंशांवर असतत. आपल्या अंगाइतक्या उबेत."

"आणि खातत काय?"

"वासराच्या रक्ता—" भटजींकडे बघून सुनीती थांबली. "साखरपाणी."

"तरीच!" महादू उसळला. "अर्धो माणूस हंय, अर्धो पुण्याक! कावळ्यान शिवूचा कोणाक? टाकून दी ती थाळी!"

बारा केसांपैकी एकाच मुळाने जीव धरला होता. आधीच्या आठ महिन्यांत आणलेल्या इतरांच्या केसांपैकी तर एकानेही नाही. ती थाळी गेली की शिष्यवृत्ती गेली. पण पाणी आता दोन हातांवर होतं.

"काका, पुण्याक गेल्यावर थाळी टाकतंय," सुनीती पिंडाकडे बघून म्हणाली.

एक मोठा कावळा उडत पिंडाजवळ उतरला. त्याने तिच्याकडे रोखून बघितलं आणि तो एक पाऊल मागे सरला.

"खोटा बोलतंस," सरलाकाकी म्हणाली.

खोटंच होतं ते. "बरा, नाय टाकूचंय! दर तीन दिसांनी खाणा बदलतंय! जपतंय, काका!"

वाक्य संपायच्या आत कावळ्याने पिंडात चोच घातली. मागोमाग बाकीचे अठरा.

मंडळी घाईघाईने आंघोळीला पांगली. सरलाकाकी तेवढी मागे राहिली. तिने सुनीतीचा हात धरून त्यात काहीतरी ठेवलं.

"बारा आसत. मुळासकट. ह्यांच्या बाजूक माका ठेव."

"काकी, कशाक?"

"तीस वर्सां झाली, एकटे खंय रवले नाय ते." काकीने डोळे पुसले. "पण वायच लांब ठेव हां. घोरतत."

सुनीतीच्या पिशवीत द्रावणाची कुपी होती. केस त्यात घालून तिने ते पुण्याला नेले.

आठव्या दिवशी तिने काकीची थाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी छान वाढल्या होत्या, पण सगळ्या एकाच कडेला. काकांच्या थाळीपासून लांबच्या. सुनीतीने थाळी अर्धी फिरवून पुन्हा उबेच्या पेटीत, काकांच्या थाळीशेजारी ठेवली. तीन दिवसांनी त्या परत लांबच्या कडेला होत्या.

नोंदवहीत तिने तारीख घातली, २२ ऑक्टोबर १९८६. पुढे लिहिलं, 'कारण अज्ञात.' मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि काकीची थाळी खालच्या फळीवर ठेवली.