हिलाल नानांचा वाटा

सभा चालू असताना एखादा सदस्य उठून बाहेर गेला, तर आमच्या नगरपालिकेत त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर त्याला फोन आला किंवा त्याला राग आला. हिलाल नानांना यातलं काहीच लागू पडत नाही. त्यांना फोन येतात ते दूध लवकर आणा म्हणून, आणि राग त्यांना येत नाही, तो ते दुसऱ्यांना आणतात. नाना उठतात, आवाज न करता खुर्ची मागे सारतात, नगराध्यक्षांकडे बघून हात जोडतात आणि म्हणतात, "यामा मन्हा वाटा शे." म्हणजे यात माझा वाटा आहे. मग पायांत चपला सरकवून चालायला लागतात. तो विषय संपेपर्यंत आवारात अग्निशमन बंबाच्या सावलीत उभे राहतात आणि पुढचा विषय निघाला की परत येऊन बसतात.

नाना आणि मी एकाच प्रभागाचे नगरसेवक, म्हणून सभागृहात शेजारी-शेजारी. मी कापडाचा व्यापारी. आमचे आजोबा राजस्थानातून कापसाच्या मागे धरणगावच्या बाजूला आले आणि कापडात अडकले. नानांच्या दोन म्हशी आणि थोडं दुधाचं गिऱ्हाईक. ते मला शेठ म्हणतात, मी त्यांना नाना म्हणतो. वयाने ते मोठे आणि अकलेने मी, अशी मी स्वतःची समजूत करून घेतलेली आहे.

हे बाहेर जायचं खूळ त्यांच्या डोक्यात कधी शिरलं ते मला पक्कं ठाऊक आहे. निवडून आल्यावर आम्हा नव्या सदस्यांना जळगावला प्रशिक्षणाला नेलं होतं. तिथे एका साहेबांनी सांगितलं की ज्या विषयात आपला किंवा आपल्या घरच्यांचा फायदा असेल, त्यावर बोलू नये, मत देऊ नये. शेजारच्या हॉलमधून भरताच्या वांग्यांचा वास येत होता आणि आम्ही सगळे तिकडे नाक लावून बसलो होतो. ऐकत होते ते एकटे नाना, आणि त्यांनी ते जन्माचं ऐकलं.

तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या दिव्याचा विषय निघाला की नाना बाहेर. गटारीचा निघाला की बाहेर. कोंडवाड्याच्या दुरुस्तीलाही उठले. मी म्हटलं, "नाना, कोंडवाडा मोकाट गुरांचा. तुमचा काय संबंध?" तर म्हणाले, "मन्ही म्हैस तठे राही येल शे." म्हैस एकदा तिथे कोंडली गेली होती, एवढाच संबंध. माजी नगराध्यक्ष वारले तेव्हा शोकप्रस्तावालाही बाहेर गेले, कारण मयत त्यांचे लांबचे साडू लागत. डासांच्या धुराच्या मशीनला ते उठले तेव्हा मात्र माझा संयम सुटला. मी म्हणालो, डास काय फक्त तुम्हालाच चावतात? नाना सगळ्यांकडे हात करून शांतपणे म्हणाले, "मंग बठ्ठा बाहेर चला." स्मशानभूमीवर पत्रे टाकायचा विषय आला तेव्हा सगळं सभागृह त्यांच्याकडे बघायला लागलं. नानांनी बराच विचार केला आणि बसून राहिले. "तठे जावाले आजून येळ शे," म्हणाले.

लोक हसायचे. मीही हसायचो. प्रभागातली कामं नाना बाहेर असताना मी मंजूर करून घ्यायचो, उद्घाटनाला नारळ मीच फोडायचो, त्यामुळे तक्रार करायला मला जागा नव्हती. पण यंदाच्या उन्हाळ्यात असा एक विषय आला की कुणाला हसू फुटेना.

विषय असा होता: सन्माननीय सदस्य व त्यांचे कुटुंबीय यांचा आरोग्य विमा पालिकेच्या निधीतून काढणे. आधीपासूनचे आजारही त्यात बसणार होते आणि नाशिकची मोठी खाजगी इस्पितळंही. ठराव आमच्याच गटाने आणला होता. मी त्याच्या बाजूचा होतो आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. पहाटे नळाला पाणी नाही म्हणून लोक आम्हाला शिव्या घालतात, आमचं बीपी त्यांच्यामुळे वाढतं, तर गोळीचा खर्च कुणी करायचा? माझ्या पित्ताशयात खडे आहेत. ते नगरसेवक झाल्यावरच झाले असं माझं ठाम मत आहे.

अडचण एवढीच होती की पैसे पालिकेच्या दवाखान्याच्या औषधांच्या तरतुदीतून वळवायचे होते. मुख्याधिकारी बाईंनी टिपणीत तसं स्पष्ट लिहिलं होतं. ती टिपणी कशी कोण जाणे पत्रकारांच्या हाती लागली. सभेच्या दिवशी मागच्या बाकावर तीन-चार पोरं मोबाइल रोखून बसली आणि आमच्याच गटातल्या काहींचे चेहरे उतरले. मी मनातल्या मनात हात मोजले. दोन्ही बाजू सारख्या पडत होत्या. ठराव नानांवर अडकला होता.

आणि नानांच्या घरात त्यांची बायको, वेणूअक्का, आजारी होत्या.

अक्कांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. चार पावलं चालल्या की दम लागायचा, आडवं झोपता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच त्या डोळे मिटायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, लांबवू नका असंही बजावलं होतं. सरकारी योजनेतून ते धुळ्याला मोफत होणार होतं, पण नंबराने, आणि अक्कांच्या आधी बरीच माणसं होती. विमा झाला तर त्याच आठवड्यात नाशिक. दोन म्हशींच्या दुधावर नाशिकचं नावही काढता येत नव्हतं. सारा गाव हे जाणून होता. म्हणून आमचा गट निर्धास्त होता. माणूस कितीही तऱ्हेवाईक असला तरी बायकोच्या जिवापुढे काय करील?

विषय पुकारला गेला. नाना उभे राहिले. पण हात न जोडता त्यांनी मुख्याधिकारी बाईंना विचारलं, "यामा कोना कोना वाटा शे, मॅडम?"

बाई म्हणाल्या, "सगळ्याच सदस्यांचा, नाना."

"मंग मत कोन देई?"

बाई टिपणी चाळायला लागल्या. मागच्या बाकावरच्या पोरांनी मोबाइल नानांकडे वळवले. नानांनी मग हात जोडले, आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि ते बाहेर गेले.

नगराध्यक्ष ताईंनी लगेच चहासाठी सभा थांबवली आणि मला कोपऱ्यात घेतलं. "शेठ, काही करा पण त्यांना आत आणा. बरोबरी झाली तर शेवटचं मत मला द्यावं लागेल, आणि उद्याच्या पेपरात फोटो माझ्या एकटीचा येईल."

मी धावत बाहेर गेलो. माझ्या आधी विरोधी गटाचे पुढारी तिथे पोचले होते. त्यांची खात्री होती की इतका तत्त्वाचा माणूस विरोधातच हात वर करणार. ते नानांचा उजवा दंड धरून उभे होते, मी डावा धरला. भर उन्हात, लालभडक बंबाच्या शेजारी, आम्ही दोघं एका दूधवाल्याला एकाच दाराकडे ओढत होतो. एरवी मला याचं हसू आलं असतं.

"नाना, गावासाठी आत चला," ते म्हणाले.

"नाना, अक्कांसाठी आत चला," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर घामाच्या धारा होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तिन्हं नाव काढू नका, शेठ," ते म्हणाले.

मी थांबलो नाही. मी म्हणालो, परवा तुमच्या घरावरून गेलो तेव्हा अक्कांचा दम रस्त्यावर ऐकू येत होता. म्हणालो, नंबर कधी लागेल ते तुम्हाला तरी माहीत आहे का? म्हणालो, तुमचं ते साहेबांचं प्रशिक्षण अक्कांना श्वास देणार आहे का? विरोधी पुढाऱ्यांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली आणि नानांचा दंड सोडून दिला. नानांनी दोन्ही हातांनी बंबाच्या मागचा लोखंडी दांडा धरला. तो उन्हाने तापलेला होता, तरी सोडला नाही. आतून घंटा वाजली. मी एकटाच परत गेलो.

हात वर झाले, मोजले गेले आणि बरोबरी झाली. ताईंनी एकदा आमच्याकडे आणि एकदा मागच्या बाकावरच्या मोबाइलकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि ठरावाच्या विरोधात मत दिलं. आमच्या गटातले लोक एकमेकांकडे बघत राहिले. विरोधकांनी बाकं वाजवली. मला फक्त नानांना गाठायचं होतं. चांगलं खडसावायचं असं ठरवूनच मी बाहेर आलो.

"पडला," मी म्हणालो. "तुम्ही आला असता तर झाला असता. एका मताने."

नानांनी मान हलवली. लुनाला किल्ली लावायला गेले तर ती लागेना. मी ती त्यांच्या हातातून घेऊन लावून दिली. त्यांचे तळहात लाल झाले होते. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेठ, घरलोंग चला. तिले सांगनं शे."

जायची माझी अजिबात इच्छा नव्हती. त्यांनी केलेला घोळ त्यांनीच निस्तरावा असं मला वाटत होतं. पण या माणसाने इतक्या वर्षांत माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून गेलो.

अक्का ओसरीत खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बरी साडी नेसल्या होत्या. आमच्याच गटातल्या कुणीतरी सकाळी येऊन त्यांना सांगून गेलं होतं की आज काम होणार. नाना उंबऱ्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. ठराव पडला, आपण बाहेर होतो, एका मताने पडला. काहीही झाकलं नाही. मला वाटलं होतं ते माझ्यावर नाही तर ताईंवर ढकलतील. कुणीही ढकललं असतं.

अक्कांनी ऐकून घेतलं. बोलण्याआधी त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मन्हाकरता एक हात वर नही व्हयना?"

आवाजात भांडण नव्हतं, त्यामुळे तो मला जास्तच लागला. नाना खाली जमिनीवर बसले.

"हात वरच जाई, हाई माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "म्हनीसन बाहेर गऊ."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी या माणसाला सोवळा समजत होतो. वाटायचं, याला आपल्या चांगुलपणाची फार ऐट आहे. आपण आत बसलो तर आपल्या माणसांसाठी काय करून बसू याची त्याला धास्ती होती, हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. मला आत बसायची कधीच भीती वाटली नव्हती. नानांचं बायकोवर किती प्रेम आहे हे मला त्या दुपारी कळलं आणि मला फार वाईट वाटलं.

अक्कांनाही ते कळलं असावं. पण जीव त्यांचा होता. त्या म्हणाल्या, "आनि नंबर लागाना पहिले मीच चालनी गऊ ते?"

नाना माझ्याकडे वळले. "शेठ, तुम्हनी गाडी शे ना? सकाळे धुळ्याले चला. नंबर पुढे ल्या, असं नही सांगसु मी. पन तिले एक डाव दखा, इतलं ते सांगसु. हात जोडसु डॉक्टरले."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

अक्का थोड्या सावरून बसल्या. आता त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या. "शेठ, त्यासले पुढे बसाडा. मांगे बसनात ते गाडी लागस त्यासले."

"नही," नाना म्हणाले. "मी मांगेच बससु. तुन्हाजोडे."

सकाळी ऊन तापायच्या आत निघालो. पारोळ्यापर्यंत दोनदा गाडी थांबवावी लागली. दोन्ही वेळा नाना रस्त्याच्या कडेला वाकून ओकत होते आणि ज्यांच्यासाठी ही सगळी धावपळ, त्या अक्का दम लागलेला असताना खिडकीतून पाण्याची बाटली बाहेर धरून बसल्या होत्या. आरशात मला त्यांचे ओठ दिसत होते. रंग काही ठीक नव्हता. पुढे धुळ्याला काय होईल याचा विचार मी करत नव्हतो, फक्त गाडी खड्ड्यांतून जपून काढत होतो.

दुसऱ्या वेळी मी पुढचं दार उघडून म्हणालो, "नाना, आता तरी पुढे या. तुम्हालाच ॲडमिट करावं लागेल."

नानांनी चूळ भरली, टॉवेलने तोंड पुसलं आणि मी उघडलेलं दार लावून टाकलं. मग मागून आत शिरले, अक्कांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाले, "चला शेठ, सावकाश चला."