विटांवरची पिकअप

आमच्या गल्लीत एक पिकअप होती. तिला चाकं नव्हती, पण एसी होता. रंगनानांच्या अंगणात ती विटांच्या थप्प्यांवर उभी असायची. वैशाखातल्या दुपारी नाना इंजिन चालू करायचे, काचा वर घ्यायचे आणि आत बसून भाकरी खायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी काचेवर टकटक करून विचारलं, की कुठे निघालात? काच दोन बोटं खाली आली. "गारवा जातो," नाना म्हणाले आणि काच वर गेली.

नाना मूळचे मखमलाबादकडचे, फुलशेतीवाले. गाडी झेंडूच्या वाहतुकीसाठी घेतलेली. आता तिच्यात झेंडूची पाकळीही नव्हती, पण मालेगावच्या भंगारातून आणलेलं पॉवर स्टेअरिंग होतं, मागचं बघायला कॅमेरा होता आणि मखमली सीट होती. न हलणाऱ्या गाडीला मागचं कशाला बघायचं, असं मी एकदा विचारलं. "काम नीट पाहिजे. घाई मरणाला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरातून नानी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला कधी एवढं वंगण लावलं नाय."

मी ऑफिसात फायली हलवणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी हात काळे झाले की मला आपण कर्तबगार असल्यासारखं वाटतं, म्हणून मी नानांचा बिनपगारी मदतनीस झालो. एकदा त्यांनी रेडिएटरमध्ये पाणी भरायला सांगितलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने एक झाकण उघडलं आणि अख्खी बादली इंजिन ऑइलच्या तोंडात ओतली. दुसऱ्या दिवशी खालचा नट काढला तर टपरीवरच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. नाना ओरडतील म्हणून मी कुंपणापर्यंत मागे सरलो होतो. ते मात्र चहाकडे बघून खूश दिसले. "म्हणजे आता इंजिन परत खोलावं लागंल," म्हणाले.

माणसाला इंजिन खोलावं लागण्याचा आनंद का व्हावा, हे मला नानींनी सांगितलं. वाटणीत मळा धाकट्या भावाला, शिवाला गेला. पिकअप आणि शहरातलं घर नानांकडे आलं. पुढे मळ्याशेजारून मोठा रस्ता गेला, जमिनीला भाव चढला आणि नानांनी चार माणसांच्या सांगण्यावरून सख्ख्या भावाला वकिलाची नोटीस धाडली. नंतर मागेही घेतली. पण बोलणं जे बंद झालं ते झालंच. आता शिवाच्या मुलीचं, सोनीचं लग्न ठरलं होतं. लहानपणी ती झेंडूच्या क्रेटमध्ये बसून नानांबरोबर बाजारात यायची आणि नानांनी तिला कबूल केलं होतं, की तुझं लग्नाचं कपाट मी देणार आणि ते याच गाडीतून आणणार. कपाट घेऊनही झालं होतं. अडत होतं ते बोलावण्यावर. भावकीला अक्षता घरी येऊन द्यायच्या असतात. त्या आल्या नव्हत्या.

मग माझ्या लक्षात आलं. कोणी लग्नाचा विषय काढला, की नाना लगेच म्हणायचे, "गाडीच कुठं तयार हाय?" गाडी तयार नसलेल्या माणसाला बोलावणं नसलं तरी चालतं.

लग्न आठवड्यावर आलं तेव्हा शिवाची बायको मागच्या गल्लीतल्या नानांच्या मावसभावाकडे अक्षता देऊन गेली. आमच्या गल्लीत वळली नाही. ही बातमी सांगायला मीच धावत गेलो. असली कामं मी वेळेत करतो. नानांनी आधी खोललेलं इंजिन जोडून घेतलं. मग जॅक काढला आणि चाकं बसवायला घेतली.

मी म्हटलं, आता कशाला?

"आता तयार पाहिजेच. बोलावलं असतं तर रिक्षानं बी गेलो असतो."

लग्नाला नानी आल्या नाहीत. बिनबोलावता पत्रावळीवर बसायला मी कुत्रं नाय, म्हणाल्या. मला असला स्वाभिमान नसल्यामुळे मी गेलो. नानांनी पांढरी टोपी घातली होती, मागे कपाट बांधलं होतं. मंगल कार्यालयाच्या फाटकावर शिपायाने काठी आडवी धरली. आचाऱ्याच्या गाड्या मागच्या दाराने, म्हणाला. हे नवरीचे चुलते आहेत, असं सांगायला मी तोंड उघडलं, तर नानांनी माझा गुडघा दाबला आणि गाडी मागे घेतली.

मागच्या बाजूला कांदे सोलणाऱ्या बायका, ताकाचे पिंप. दोन वाढप्यांनी कपाट उतरवून रुखवताच्या ढिगाशी नेऊन ठेवलं. कोणाकडून, हे त्यांनी विचारलं नाही आणि नानांनी सांगितलं नाही. मला वाटलं, आता निघायचं. नानांनी हात धुतले, टोपी खिशात घातली आणि जिलबीचं ताट उचललं.

शेवटची पंगत यजमानांची होती. नाना वाकून ओळीने वाढत गेले. वाढप्याच्या तोंडाकडे कोण बघतं? शिवा मध्यावर बसला होता, मान खाली घालून. त्याने नको म्हणून पत्रावळीवर हात आडवा धरला. नाना तिथेच वाकून राहिले. जिलबी धरलेली बोटं कितीही धुतली तरी नखांत काळीच होती. शिवा त्या बोटांकडे बघत राहिला. मान त्याने वर केली नाही. बऱ्याच वेळाने पत्रावळीवरचा हात मात्र काढला. नानांनी एक वाढली, मग आणखी एक, आणि पुढच्या माणसाकडे सरकले.

आम्ही न जेवता निघालो. म्हणजे नाना न जेवता. मी आधीच दोनदा भात घेतला होता. हायवेला लागल्यावर मी विचारलं, की त्याने ओळखलं का तुम्हाला?

नानांनी गिअर बदलला.

"दोन्ही खाल्ल्या त्यानं," म्हणाले.