कवच, ऐरावत आणि साळव्यांची मोटार

मारुतराव साळवे यांच्या चपलांना डावी-उजवी नव्हती. दापोडीच्या एका कारागिराकडून त्यांनी त्या मुद्दाम सरळसोट शिवून घेतल्या होत्या. दर रविवारी ते डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालत आणि उजव्यातली डाव्यात. टायर आलटूनपालटून लावतात, तसेच हे, असे त्यांचे म्हणणे. चिंचवडचे सगळे रस्ते डावीकडे उतरते आहेत, म्हणून डावी चप्पल आधी झिजते, हा त्यांचा शोध होता. मी वार्ताहर असल्याने याची बातमी द्यावी, असेही त्यांनी एकदा सुचवले.

साळवे आमच्या समोरच्या घरात राहत आणि आकुर्डीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. कायमची दुसरी पाळी त्यांनी मागून घेतली होती. ही पाळी कोणालाच नको असते. कारण विचारले तर सांगत, सकाळच्या पाळीची माणसे घाईत हजेरीचे कार्ड घड्याळात खुपसतात, त्याने घड्याळाचे दात झिजतात. ते आपल्याला बघवत नाही.

सगळीकडे त्यांना झीज दिसे. मनगटी घड्याळाला ते अर्धीच चावी देत. हात मिळवण्याऐवजी मान हलवत. माझ्या टाइपरायटरचा आवाज रस्त्यापलीकडे गेला की दारात येऊन उभे राहत.

"हळू मारा, राव. अक्षरं झिजतील. झीज दिसत नाही, हीच तिची लबाडी."

या सगळ्याचे केंद्र होती त्यांची जुनी काळी मोटार. रोज सकाळी ते इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. शेजारी गप्प उभे राहत. साळव्यांनी डोळे उघडून मान हलवली की त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई गाडीत बसत. त्या थेरगावच्या शाळेत शिकवत. सगळे त्यांना बाई म्हणत. साळवेही घरात बाईच म्हणत. बाईंचे गुडघे आखडलेले होते. बसची पायरी चढणे त्यांना जमत नसे. सकाळी साळवे त्यांना मोटारीने सोडत, दुपारी आणत आणि मग कामावर जात.

त्या सुमारास हमरस्त्यावर समोरासमोर दोन पाट्या लागल्या. एकीवर 'कवच ऑइल : इंजिनाला चिलखत'. दुसरीवर 'ऐरावत ऑइल : झिजेल ते इंजिन कसले'. साळवे आधी एका दुकानात गेले, मग रस्ता ओलांडून दुसऱ्यात. दोन्ही विक्रेत्यांनी त्यांना खुर्ची दिली. कवचवाल्याने बोटांवर तेल चोळून दाखवले. ऐरावतवाल्याने तेच केले, फक्त जास्त वेळ. एका बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते. आपल्या तेलात समोरच्याचे तेल मिसळले तर दूध नासावे तसे ते नासेल आणि इंजिन जाम होईल.

साळव्यांनी चाचणी जाहीर केली. दसऱ्यापर्यंत कवच, पुढे होळीपर्यंत ऐरावत. दोन्ही वेळा बबन मेकॅनिकने इंजिन उघडायचे आणि निकाल द्यायचा. विक्रेत्यांनी हजर राहायचे. दसऱ्याला इंजिन ठीक निघाले. कवचवाल्याने बबनच्या गॅरेजमध्ये पेढे वाटले. ऐरावतवाल्याने पेढा घेतला आणि होळी अजून यायची आहे, असे सांगितले.

होळीच्या थोडे आधी साळवे अंगणात दाढी करत होते. आरशात त्यांना मोगरा दिसला. मोगरा कवचच्या डब्यात लावलेला होता. त्या डब्यात निम्मे तेल उरले होते, हे त्यांना पक्के आठवत होते. ते कुठे गेले, असे त्यांनी विचारले.

"ऐरावतच्या डब्यात ओतलं," बाई म्हणाल्या. "मला कुंडी हवी होती. दोन्ही तेलंच ना?"

त्याच डब्यातून साळवे कित्येक आठवडे इंजिनात भर घालत होते. अर्ध्या दाढीनिशी ते मोटारीपाशी गेले. बॉनेट उघडून पाहिले आणि पुन्हा लावले. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, पण कानाला लावला नाही. सुरू केले तर जाम होईल, म्हणून मोटार जागेवरच राहिली. बबनला रविवारशिवाय सवड नव्हती.

बाई बसने जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी कंडक्टरने हात दिला. पुढच्या दिवशी गर्दी होती, त्यांना चढताच आले नाही. तिसऱ्या दिवशी त्या पायरीवरून घसरल्या आणि कोपर सोलून घरी आल्या. संध्याकाळी त्या माझ्या आईला म्हणाल्या की मोटार गेली असेल तर शाळा सोडावी लागेल. हेडबाईंना सांगून ठेवते. साळवे कामावर होते, पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. रविवारपर्यंत त्यांनी कोणालाही झिजेवर एक शब्द सुनावला नाही. मी मुद्दाम जोरात टाइप करून पाहिले. कोणी दारात आले नाही.

रविवारी मोटार ढकलत बबनकडे नेली. दोन्ही विक्रेते आले होते. मिश्रणाची हकिकत ऐकून ते मोटारीपासून थोडे लांब सरकले. बबनने तेल काढले. ते काळे होते, पण पातळ होते. मग त्याने इंजिन उघडले आणि सिलिंडरच्या आतून सावकाश नख फिरवले. साळव्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"मला बी वाटलं व्हतं, दही निघंल," बबन म्हणाला. "काय बी झालं न्हाई, साहेब. इंजिन हाय तसं हाय."

साळवे जवळच्या टायरवर बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. ऐरावतच्या संगतीत राहूनही आपले तेल टिकले, असे कवचवाला म्हणाला. कवचला सांभाळून घेऊनही आपल्या तेलाने काम केले, असे ऐरावतवाला म्हणाला. दोघांनाही साळव्यांचे मत हवे होते. साळव्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि स्वतः दोन कप प्यायले.

सोमवारी मला थेरगावात काम होते. साळव्यांनी मोटारीत जागा दिली. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून झाला होता, मान हलली होती. शाळा उंचावर होती. मोटार खालच्या वडापर्यंतच जाई. पुढे अरुंद बोळ आणि दगडी पायऱ्यांची चढण होती. तिथवर त्यांच्याबरोबर मी पूर्वी कधी गेलो नव्हतो. साळवे उतरले, पलीकडे गेले आणि डावा खांदा पुढे केला. बाईंनी त्यावर सगळा भार टाकला. एकेक पायरी करत दोघे वर जाऊ लागले. दर पायरीला साळव्यांचा डावा पाय दगडावर घसटत होता.

मध्येच बाई थांबल्या. खाली बघून म्हणाल्या, "अहो, तुमची ही चप्पल पार झिजली की. मी फार रेलते का?"

"छे," साळवे म्हणाले. "झीज नाही ती. थेरगावचे रस्तेही डावीकडेच उतरते आहेत. ह्यांना विचारा, हे पेपरवाले आहेत."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. तसे उतरतेच आहेत, असे मी सांगितले.