मोरणेकाठचा समुद्र

वैशाख वद्य दशमी, सकाळचे साडेसहा. अकोल्याच्या भाजीबाजारात पुंजाजी माळी आपल्या नेहमीच्या जागेवर बसले, पाटी उतरवली, वांगी मांडली, आणि समुद्राविषयी एक अक्षर बोलले नाहीत.

बाजार थबकला. शेजारी फुले विकणाऱ्या गोदाबाईंनी हार ओवता ओवता विचारले, "काहून हो पुंजाजी, आज समिंदर आटला का?"

पुंजाजींनी तांब्या उचलला. वांग्यांवर पाणी शिंपडले. एकाच वांग्यावर तीनदा शिंपडले.

अकोल्यातला भाजीविक्या समुद्राविषयी बोलला नाही यात विशेष काय, असे वाचकास वाटेल. अकोल्याहून समुद्र रेल्वेच्या एका पूर्ण रात्रीच्या पलीकडे आहे. येथे मोरणा नदी आहे. वैशाखात तीही नसल्यासारखीच. तरीही मागील दिवाळीनंतर लवकरच हे सुरू झाले, आणि तेव्हापासून एकही सकाळ अशी गेली नव्हती, की कोकणातल्या एका विशिष्ट किनाऱ्यावर आज लाट किती, वारा कुठला, भरती केव्हा आणि नाव पाण्यात घालावी की नाही, हे पुंजाजींनी गिऱ्हाइकास सांगितले नाही. गिऱ्हाईक मेथी मागे. त्यास मेथी मिळे, आणि वर समुद्र मिळे.

"आज लाट दोन हात. वारा जमिनीवरून. सकाळी नाव घाला, दुपारी घालू नका. मेथी ताजी हाय."

बाजारात कोणाकडे नाव नव्हती. बहुतेकांनी ती चित्रातच पाहिली होती.

मी त्या वेळी तहसील कचेरीत कारकून होतो, आणि पर्जन्यमापकाचे काम माझ्याकडे होते. रोज सकाळी आठ वाजता पाणी मोजावे, वहीत लिहावे, आठवड्याचा तक्ता नागपूरला पाठवावा. हवामानाशी माझा संबंध एवढाच. जे पडले ते मी मोजत असे. जे पडणार त्याविषयी मत देण्याचा अधिकार सरकारने मला दिला नव्हता, आणि मी तो घेतला नव्हता. त्यामुळे पुंजाजींचे वर्तन मला प्रथमपासून बेशिस्त वाटे.

एकदा मी त्यांस सरळ विचारले, "पुंजाजी, हा किनारा आहे कुठे?"

"माहा जावई हाय तिथं."

जावई मूळचा तेल्हाऱ्याचा. मीठ खात्यात शिपाई झाला आणि बदली होऊन कोकणातल्या एका नाक्यावर गेला. तेथून त्याचे कार्ड येई, आणि त्यात ख्यालीखुशालीपेक्षा लाटाच अधिक असत. एवढे मला कळले. लाटांचा आणि सासऱ्याचा संबंध कळला नाही.

"कार्ड येथे पोचायला चार दिवस लागतात," मी म्हणालो. "म्हणजे तुमची बातमी चार दिवसांची शिळी असते."

"मनून तं मी चार दिवस पुढचं सांगतो, भाऊसाहेब. आज बरोबर येते का नाई?"

मी यावर दोन दिवस विचार केला. काहीतरी चुकत होते. काय, ते सापडले नाही.

त्यांची रीत अशी होती. भरतीची वेळ पंचांगावरून. जी तिथी, तिची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पाणी चढलेले असते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. हे गणित त्यांस कोकणातल्या एका तांडेलाने, म्हणजे नाव चालवणाऱ्याने, शिकवले होते. वाऱ्यासाठी मिरच्यांच्या वाफ्यात एक बांबू रोवून त्याला जुन्या धोतराची पट्टी बांधली होती. पट्टी पूर्वेकडे उडाली तर वारा पश्चिमेचा, म्हणजे समुद्र पाहून आलेला. तो खरे सांगतो. पट्टी पश्चिमेकडे उडाली तर वारा समुद्राकडे चाललेला. त्याचे अजून काही ठरलेले नाही.

लाटेची उंची मात्र पंचांगात नव्हती आणि पट्टीतही नव्हती. तिच्याविषयी विचारले की पुंजाजी म्हणत, "रेतीले इचारा."

"म्हणजे?"

"लाट पान्यानं फुटत नाई, भाऊसाहेब. खालची रेती जिथं वर आली, तिथं फुटते. रेती आज इथं, उद्या तिथं. पान्याचा काई कसूर नाई."

हे वाक्य त्यांस इतके पटलेले होते, की ते त्यांनी सर्वत्र लागू केले. गोदाबाईंचा नवरा जेवणावरून उठून गेला, तरी "रेतीले इचारा". नवे तहसीलदार कारकुनांवर ओरडले, तरी "रेतीले इचारा". गोदाबाई म्हणत, "या मानसाच्या डोक्यातच रेती भरली हाय." पुंजाजींना त्यातही तथ्य वाटे.

वैशाखाच्या वद्य पक्षात प्रकरण वाढले. धामणगावचा एक धान्यव्यापारी कामासाठी अकोल्यात उतरला होता. त्याने वांगी घेता घेता ऐकले, की दुपारी पाणी चढणार आहे, ज्याचा माल खाली असेल त्याने उचलून घ्यावा. त्याची ज्वारीची पोती उघड्या आवारात होती. माणूस परगावचा; त्यास समुद्राचा पूर्वेतिहास ठाऊक नव्हता. त्याने हमाल लावून सगळी थप्पी पत्र्याखाली नेली, आणि दिवसभर निरभ्र आकाशाखाली घाम पुसत बसला. दुसऱ्या दिवशी तो बाजारात आला.

"कुठे आहे तुमचं पाणी?"

"आलं नं काल. बरोबर वेळेवर आलं."

"एक थेंब पडला नाही!"

"पडाचा काय संबंध? चढलं. तिथं चढलं. अकोल्याले चढते असं कोनं मनलं तुमाले?"

व्यापारी तहसीलदारांकडे गेला. तहसीलदारांनी मला बोलावून विचारले, "तो माणूस तुमची वही पाहून बोलतो काय?" मी म्हणालो, माझ्या वहीत तीन महिने शून्य आहे. ते म्हणाले, तरी त्यास ताकीद द्या.

ताकीद देण्यासाठी मी सप्तमीला दुपारी मोरणेकाठी पुंजाजींच्या मळ्यात गेलो. ते मोट हाकीत होते. बैल उताराने पुढे गेले, चामड्याची मोट विहिरीतून वर आली, पाणी भसकन पाटात पडले आणि वाफ्यांकडे धावले. बैल मागे सरू लागले. पाटातले पाणी ओसरले. झोपडीच्या भिंतीवर चुन्याचे आणि गेरूचे ठिपके होते. अंदाज कार्डाशी जुळला की चुना, चुकला की गेरू. चुना अधिक होता. हे कशासाठी, असे मी विचारणार, तोच त्यांनी बैल थांबवून कमरेचे कार्ड काढले.

"तुमीच वाचा. पोस्टमननं वाचलं, पन मले वाटलं, तो चुकून राह्यला."

जावयाने लिहिले होते: 'आगबोटी आता थोड्याच राहिल्या. शेवटची द्वादशीला, मग पावसाळा संपेपर्यंत बंद. सारजेस सातवा लागला. ती म्हणते, बाबा सांगतील त्याच दिवशी नावेत पाय ठेवीन, नाहीतर इथेच राहीन. येथे सुईण नाही. तारेने दिवस कळवावा.'

सारजा पुंजाजींची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेलेली.

मी म्हणालो, "आगबोटीत बसायला बापाचा मुहूर्त कशाला?"

तेव्हा पुंजाजींनी सांगितले. त्या गावाला धक्का नाही. आगबोट लांब उभी राहते, आणि वाळूवरून तिच्यापर्यंत लहान नावेने, फुटणाऱ्या लाटांमधून जावे यावे लागते. दिवाळीनंतर ते सारजेस तिच्या घरी पोचवायला गेले होते.

"आगबोटीतून उतरून नावेत बसलो. किनारा समोर. तांडेल हात बांधून बसला. नाव उभी. मले वाटलं, मजूर आळस करून राह्यला. मी मनलं, बसला काहून बाप्पा, हाक नं! तो चिडला. हाकली. तिसऱ्या लाटेनं उलटवली."

"सारजा?"

"तिची येनी हातात आली मनून सापडली. तिच्या मायची लुगडी होती टरंकेत, थे गेली. तवापासून पोरगी पान्याजवळ जात नाई."

बैल उभे होते. पुंजाजी त्यांच्याकडे पाहून बोलत होते.

"तो तांडेल मोठ्या लाटा निघून जाची वाट पाहून राह्यला होता, भाऊसाहेब. मी जलमभर मोट हाकली. भरल्याबिगर वर वढली तं काय हाती लागते, मले मालूम नवतं का? पन तिथं नाई समजलं."

मला आता भिंतीवरचे ठिपके समजले. सहा महिने हा मनुष्य रोज सकाळी बाजारात जे ओरडून सांगत होता, ती तालीम होती. एक दिवस त्यास खरा सांगायचा होता. तोवर चुकून घ्यायचे होते.

"मग सांगा," मी म्हणालो. "कोणता दिवस?"

पुंजाजी बोटांवर तिथ्या मोजू लागले. मग म्हणाले, "नवमीले वारा फिरन. दशमीले भरती लहान, नाव सोपी. पन रेती? एकादशीले..." पुन्हा नवमीवर आले. पुन्हा दशमीवर गेले. पट्टी पाहिली, ती बांबूला लोंबत होती. "रोज सांगत होतो, आन आज काईच सांगता येत नाई. तुमी सांगा. तुमी सरकारी पावसाचे मानूस."

"माझे काम पडलेले मोजण्याचे आहे."

"मंग मोजा नं काई!"

मोजण्यासारखे समोर फक्त पाटातले पाणी होते. काहीतरी केले पाहिजे म्हणून पुंजाजींनी बैल हाकले, आणि काहीतरी केले पाहिजे म्हणून मी मोजू लागलो. पाणी आले, फुगले, उतरले. सात अंकांनंतर पाटाचा तळ दिसला. पुन्हा मोट आली. पुन्हा सात.

"सात होते," पुंजाजी बैलांमागे उतारावरूनच म्हणाले. "सारजा मोजत होती. एवढीशी होती, या पाटावरून पल्याड जाची भाकर घेऊन. मोट रिकामी झाली का उभी राहे, सात मोजे, मंग टुनकन उडी. पाय ओला केला नाई कधी पोरीनं."

मी विचारले, "हे तिला अजून येते?"

"झोपीत इचारलं तं येईन."

"मग तुम्ही दिवस सांगा. लाट ओसरायची केव्हा, ते ती मोजेल."

पुंजाजींनी बैल थांबवले. ओसरत्या पाटाकडे पाहून सात मोजले, आणि म्हणाले, "दशमी लिवा."

ताकीद द्यायची राहून गेली.

तारेचा मजकूर मी लिहिला. अक्षरे इंग्रजी, भाषा मराठी: 'दशमीस निघा. सारजेने मोट मोजून नाव सोडवावी.' तारबाबूने तो दोनदा वाचला.

"मोट म्हणजे?"

"मोट म्हणजे मोट."

"समुद्रात?"

"समुद्रात."

"आणि ही तार मीठ खात्याला?" त्याने टाक खाली ठेवला. ते दिवस मिठाच्या नावाने कचेऱ्या दचकण्याचे होते. मजकूर सांकेतिक नाही, असे मी खाली लिहून दिले आणि हुद्द्यासह सही केली. सरकारी हुद्द्याचा असा उपयोग मी एकदाच केला.

आणि मग दशमी उजाडली. पुंजाजी बाजारात आले ते गप्पच. साडेसात वाजता, भरतीच्या वेळी, त्यांनी एका बाईच्या पिशवीत वांग्यांऐवजी तराजूचे रिकामे पारडे ओतले. एक गिऱ्हाईक मुद्दाम म्हणाले, "पुंजाजी, लाट किती आज?" तेव्हा गोदाबाईच उसळल्या.

"भाजी घ्या आन चाला गुमान! समिंदराले आज काम हाय."

मी आठ वाजता पर्जन्यमापक पाहिला. शून्य. कचेरी सुटल्यावर तारघरावरून गेलो. माझी वाट तिकडून नव्हती. मला पाहताच तारबाबूने कपाटाआडून एक लखोटा काढला आणि दोन बोटांत धरून माझ्या हाती दिला. पुंजाजींच्या नावाचा होता. मीठ खात्याकडून आलेला तो कागद तारबाबूला लवकर तारघराबाहेर जायला हवा होता.

मळ्यात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पुंजाजी मोट हाकीत होते. दुपारपासून हाकीत असावेत. वांग्यांचे वाफे तुडुंब भरले होते, मिरच्या पाण्यात उभ्या होत्या, आणि पाणी बांध फोडून रस्त्यावर आले होते. त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. ते मोजीत होते.

मी वाचले: 'मुंबईस पोचलो. रात्रीच्या मेलने दोघे निघतो. नाव सारजेने मोजून सोडवली.'

"पुन्हा वाचा."

वाचले.

"अजून एकडाव."

वाचले. पुंजाजींनी तार हातात घेतली, उलटी धरून पाहिली.

"लाट किती होती, लिवलं नाई?"

"नाही."

"वारा?"

"नाही."

"मंग काय उपेगाची तार हाय?" असे म्हणून ते पाठमोरे झाले आणि बराच वेळ बैलाच्या वशिंडावरून हात फिरवीत राहिले. मी वाफ्यांकडे पाहिले. पाहण्यासारखे तेथे काही नव्हते, पाण्याशिवाय.

मग ते झोपडीमागे गेले आणि बाभळीची एक रुंद फळी ओढून आणली. सारजा जिथून उडी मारीत असे, तिथे ती पाटावर आडवी टाकली. दोन्ही टोकांखाली दगड सारले. वर उभे राहिले, पाय देऊन दोनदा दाबून पाहिली. डावे टोक किंचित हलत होते. त्याखाली ओल्या मातीचा लगदा भरला, पुन्हा दाबून पाहिले, आणि बैल सोडले.