पाटीखालची पिवळी जीप

दर रविवारी बाराच्या ठोक्याला कोल्बेन लॅपटॉप उघडून पठारावरचा रस्ता बघायचा आणि बारा वाजून पाच मिनिटांनी तो जाण्यालायक नसल्याचं जाहीर करायचा.

रस्तेखात्याने पठाराच्या माथ्यावर खांबाला कॅमेरा लावला होता. दहा-दहा मिनिटांनी नवं चित्र यायचं. शेजारी वारा किती, गारठा किती आणि मध्यरात्रीपासून गाड्या किती गेल्या, याचे आकडे. त्या भागात घराबाहेर पडण्याआधी सगळेच ते चित्र बघत. फरक इतकाच, की बाकीचे लोक जाण्यासाठी बघत.

पठाराच्या पलीकडे, चाळीस किलोमीटरवर, कोल्बेनचा धाकटा भाऊ आस्ग्रिम राहायचा. नऊ वर्षांपूर्वी शरदात डोंगरावरून मेंढ्या खाली आणल्या आणि ज्याने त्याने कानावरची खूण बघून आपापल्या वेगळ्या काढल्या, तेव्हा एका कोकराचा कान नेमका खुणेच्या जागी कुत्र्याने खाल्लेला निघाला. "माझं," कोल्बेन म्हणाला. "दादा, माझं आहे," आस्ग्रिम म्हणाला. दोघं तासभर भांडले. तेवढ्यात कोकरू कुंपणावरून उडी मारून डोंगरात गेलं आणि पुन्हा कुणाला दिसलं नाही. भाऊही एकमेकांना दिसले नाहीत. कोल्बेनच्या घरात आस्ग्रिमचं नाव काढायला बंदी झाली.

मात्र बायकोनं, डागनीनं, एक अट घातली होती. "नाव नको काढूस. पण रविवारी रस्ता मोकळा असेल तर जायचं."

त्यामुळे रस्ता मोकळा नसे. हिवाळ्यात बर्फ, वसंतात चिखल, उन्हाळ्यात धुकं.

"अरे, जुलै आहे," डागनी म्हणायची.

"रस्त्यावर मेंढी बसलीय."

"उठेल की."

"उठेल असं दिसत नाही."

आणि गेली सहा वर्षं त्या चित्रात एक पिवळी जीप होती. रविवारी बारा वाजले की ती कॅमेऱ्याच्या बरोबर खाली उभी. चित्रात नखाएवढी दिसे, पण कोल्बेनच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. रस्ता बंद आहे असं म्हणावं तर ती मधोमध उभी. शेवटी त्याने रस्तेखात्यात फोन लावला.

"तुमच्या कॅमेऱ्याखाली कुणीतरी पर्यटक गाडी लावतो," तो म्हणाला.

"कुणाची तरी वाट बघत असेल," तिकडून ह्रेप्ना नावाची मुलगी म्हणाली.

"त्या ओसाड माळावर? तिथे कोण मरायला येणार आहे?"

असे अकरा फोन झाल्यावर रस्तेखात्याने हात टेकले आणि तिथे 'थांबण्यास मनाई' अशी पाटी लावली. पुढच्या रविवारी जीप पाटीला खेटून उभी होती.

हे सगळं कोल्बेन रविवारी दुपारी पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसून गावाला ऐकवायचा. एरवी त्या हौदात कुणी कुणाला बोलू देत नसे. पण जीपचा विषय निघाला की सगळे गप्प होत आणि पाण्याकडे बघत. आपल्या बोलण्याचा प्रभाव पडतोय, असं कोल्बेनला वाटे.

मार्चच्या पहिल्या रविवारी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. वारा नाही, बर्फ नाही, मेंढी नाही. फक्त जीप.

"आज काय म्हणणं आहे?" डागनीनं विचारलं.

कोल्बेननं बराच विचार केला. "गर्दी आहे," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी फोन आला. आस्ग्रिम झोपेतच गेला होता. हृदय.

कोल्बेन 'बरं' म्हणाला, फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन मेंढ्यांचे कान तपासत बसला. आठवडाभर त्याने लॅपटॉपला हात लावला नाही. अंत्यविधी शनिवारी दोनला होता. त्या सकाळी काळा सूट घालून तो टेबलाशी आला तेव्हा खिडकीबाहेर बर्फ आडवा पडत होता.

"आज खरंच बंद असणार," डागनी हळूच म्हणाली. तिने अंत्यविधीनंतरच्या कॉफीसोबत द्यायला साखर पेरलेल्या पातळ धिरड्यांच्या गुंडाळ्या केल्या होत्या, त्यांचं ताट मांडीवर होतं.

कोल्बेननं चित्र उघडलं. कोरडा रस्ता, निळं आकाश, वारा दोन. आणि पाटीखाली पिवळी जीप.

"मोकळा आहे!" तो ओरडला. नऊ वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आले.

"खिडकीतून बघ जरा."

"खिडकी खालची हकीकत सांगते. कॅमेरा वरची सांगतो. आणि हे बघ, तो पर्यटकसुद्धा पोचलाय! त्याला जमतं तर मला का जमणार नाही?"

"चित्रावर बारा वाजून दहा लिहिलंय. आता तर अकराच वाजलेत."

"सरकारी घड्याळ आहे. चल."

पठारावर चढले तेव्हा त्यांना स्वतःच्या गाडीचं नाकही दिसेना. कोल्बेन पुढे झुकून गाडी हाकत होता आणि म्हणत होता, "आता ती जीप दिसेल. जीप दिसली की माथा आला." जीप दिसली नाही. माथा आला, आणि गाडी भुसकन बर्फात रुतली. काच खाली करून त्याने बाहेर पाहिलं. हाताच्या अंतरावर पाटी होती. थांबण्यास मनाई.

दोन तास ते तिथे थांबले. पहिल्या तासात कोल्बेन काच पुसून पुसून जीप शोधत राहिला. दुसऱ्या तासात दोघांनी मिळून नऊ गुंडाळ्या खाल्ल्या. दोन वाजले तेव्हा कोल्बेननं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

अडीचला बर्फ ढकलणारी गाडी आली. चालक गुद्योन खाली उतरला.

"कोल्बेन? अरे म्हाताऱ्या, असल्या हवेत कुणाच्या भरवशावर निघालास?"

"कॅमेऱ्याच्या."

गुद्योननं वर पाहिलं. खांबावर बर्फाचा गोळा होता. "तो रविवारी दुपारीच गोठून बसलाय. आठवडाभर एकच चित्र दाखवतोय."

"पण त्यात जीप होती!"

हौदात लोक पाण्याकडे बघायचे तसा गुद्योन पायांकडे बघू लागला. मग त्याने दोर बांधला.

नारिंगी दिवा फिरवणाऱ्या त्या धुडामागून, दोराला बांधलेल्या गाडीत बसून, कोल्बेन भावाच्या गावात शिरला. कबर बुजवून झाली होती. सभागृहात कॉफी चालू होती. आस्ग्रिमची बायको स्टेनुन दारातच उभी होती, आणि बाजूला अंगणात पिवळी जीप.

कोल्बेन जीपकडे बघत राहिला. जवळून ती बरीच मोठी होती.

"ही कुणाची?"

"त्याचीच. सहा वर्षांपूर्वी घेतली," स्टेनुन म्हणाली. "म्हणाला, भडक रंगाची हवी, लांबून दिसायला पाहिजे. दर रविवारी बाराला वर जायचा. म्हणायचा, दादा आता चित्र बघत असेल. मी तिथे उभा दिसलो की त्याला कळेल, रस्ता मोकळा आहे."

"मग इकडे का नाही आला? निम्मा रस्ता तर झालाच होता!"

"मी विचारलं. म्हणाला, उरलेला निम्मा दादाचा."

डागनीनं रिकामं होत आलेलं ताट दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. कोल्बेन उभाच होता.

"मी तक्रार केली," तो म्हणाला. "अकरा वेळा."

"माहितीय. तू हौदात बोललास की संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पोचायचं. पाटी लागली त्या दिवशी घरी येऊन त्याने मला मिठी मारली. म्हणाला, 'दादानं मला पाहिलं गं!' नऊ वर्षांत तुझ्याकडून आलेला तेवढा एकच निरोप रे." तिने त्याच्या हातात कप दिला. "कॉफी घे. निवतेय."

पुढच्या रविवारी आकाश पुन्हा स्वच्छ होतं. कॅमेरा दुरुस्त झाला होता. कोल्बेननं लॅपटॉप उघडलाच नाही. बाराच्या आधी तो माथ्यावर पोचला, पाटीला खेटून गाडी लावली, बाहेर आला आणि वर कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला. हात हलवावा की नाही, ते त्याला ठरवता येईना.

खिशात फोन वाजला.

"कोल्बेन, मी रस्तेखात्यातून ह्रेप्ना. तुम्ही सांगून ठेवलं होतंत म्हणून कळवते. पाटीखाली आजही कुणीतरी थांबलंय. या वेळी पांढरी गाडी. म्हातारा दिसतोय, एकटाच. कुणाची वाट बघतोय, देव जाणे. माणूस पाठवू का हाकलायला?"

कोल्बेननं पलीकडच्या उताराकडे पाहिलं. रस्ता खालपर्यंत कोरडा होता, आणि त्यावर काहीही नव्हतं.

"नको गं," तो म्हणाला. "राहू दे त्याला. तासभर थांबेल आणि जाईल."