जावईबापूंचा रणगाडा

देवेंद्र आपल्या मेहुण्याशी व्हिडिओ गेम खेळायचा आणि दर वेळी जिंकायचा. हेच त्याचं दुखणं होतं.

गुणाकर त्याचा शाळेपासूनचा दोस्त. टीव्हीला जोडायच्या रणगाड्यांच्या गेममध्ये तो देवेंद्रला धू धू धुवायचा, वर 'गधे' म्हणायचा. मग देवेंद्रचं लग्न झालं आणि तेही गुणाकरच्याच बहिणीशी, नूतनशी. झालं! 'अबे देव्या'चा 'जावईबापू' झाला. आता जावयाला हरवायचं कसं? मान असतो ना बुवा त्याचा!

दिवाळीला गुणाकर उकव्याच्या खाणीतल्या नोकरीवरून सुट्टीवर आला, तसा देवेंद्र लेकीला आणि तिच्या लॅपटॉपला घेऊन बालाघाटातल्याच सासुरवाडीत हजर. आज काहीही करून त्याला मनापासून खेळवायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

"बाबा, कौनसा व्हर्जन लावू?" ईराने विचारलं.

"नवीन लाव. समोरासमोर लढाईवालं."

लढाई सुरू होताच गुणाकरने आपला रणगाडा सरळ तळ्यात घातला. "अरे बाप्पा, बुडला! जिंकले जावईबापू."

"जावई जिंकले काय?" सासूबाई, विमलाबाई, स्वयंपाकघरातून अनारसे घेऊन आल्या. "घ्या, तोंड गोड करा."

मग शर्यतीचं व्हर्जन लावलं. गुणाकर अर्ध्यातच थांबला.

"काहून थांबला बे?"

"पेट्रोल संपलं वाटते."

"गेममंधी पेट्रोल संपते काय?"

"नवीन जमाना हाय जावईबापू, संपत असन."

पुन्हा अनारसे आले. देवेंद्रचं पोट भरलं, पण जीव चिडला. "ईरा, जुनं कॅसेटवालं खेळू."

"त्यातलं ते किल्ल्याचं?" ईरा म्हणाली. "त्यात कोण जिंकणार? दोघांनी मिळून किल्ला वाचवायचा असतो. एक चुकला की दोनों हारे."

देवेंद्र ताडकन उठला. म्हणजे गुणाकर मुद्दाम हरला, तर जावयालाही हरवून बसणार! यासारखं व्हर्जन नाही.

कॅसेट गेमच्या यंत्रासकट माळ्यावर सापडली, पण तिला जुना डबा टीव्ही लागतो. तो शेजारच्या शेवंताबाईकडे होता आणि त्यावर तांदळाचं पोतं होतं. पोतं उतरवताना त्याचं तोंड सुटलं. अंगणात तांदूळच तांदूळ! देवेंद्र उकिडवा बसून भरू लागला, तेवढ्यात विमलाबाई आल्या.

"अगं माय! जावयाले तांदूळ भराले लावले? गुणाकर, लाज नाही वाटत तुले?"

टीव्ही आला, तर पडदा काळाच. दोघांनी कॅसेटीत आळीपाळीने फुंकर मारली. डोकं गरगरेपर्यंत मारली, तेव्हा कुठे किल्ला उगवला.

गुणाकर आधी जावयाचा मान राखून खेळत होता. मग शत्रूचे रणगाडे वाढले, तसा तो पाटावरून पुढे सरकला. मग त्याने बाह्या सरसावल्या. आणि ऐन मोक्याला घाबरलेल्या देवेंद्रने गोळा झाडला, तो थेट स्वतःच्याच किल्ल्यावर.

"अबे गधे!" गुणाकर गरजला. "आपलाच किल्ला फोडला! आंधळा हायेस का, देव्या?"

देवेंद्रला एवढा आनंद झाला, की डोळ्यांत पाणीच आलं. विमलाबाईंनी ते पाणी पाहिलं मात्र!

"जावयाले रडवलं रे मेल्या! दिवाळीच्या सणाले!"

"आई, बोलू द्या त्याले, मले बरं वाटून राह्यलं..."

"तुम्ही गप बसा. तुमचा सोभाव गरीब हाय."

पाच मिनिटांत देवेंद्रच्या कपाळाला कुंकू लागलं, खांद्यावर नवा टॉवेल आला, मांडीवर नारळ आला. गुणाकरने वाकून माफी मागितली. "चुकलं जावईबापू." देवेंद्रचा चेहरा पार उतरला. एवढा खटाटोप केला आणि पुन्हा जावईबापूच!

विमलाबाई समाधानाने स्वयंपाकघरात गेल्या. गुणाकरने दाराकडे एकदा पाहिलं, गेम पुन्हा सुरू केला आणि हळूच म्हणाला,

"तो नारळ ठेव बाजूले, अन् किल्ला राख नीट. गधे!"